मोडेमच्या म्होरचं तुमचं

"सर, नेट बंतु नोड्री," (नेट आलं, बघा) म्हणत उपग्रहाच्या नेटची डिश बसवायला आलेल्या पोरानं आपला लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. स्पीड टेस्टचा काटा दहा एमबीपीएसच्या आसपास जाऊन थांबला होता. त्यानं डिशचे चार फोटो काढले, फॉर्मवर माझी सही घेतली आणि पिशवी आवरायला लागला. मी विचारलं, "आणि वायफाय?" कानडीतनं मराठीत येत तो म्हणाला, "मोडेमपर्यंत आमचं, सर. म्होरचं तुमचं."

मला हसूच आलं. हे वाक्य मी स्वतः चौतीस वर्षं लोकांना ऐकवलंय. मी १९८६ ला दूरध्वनी खात्यात लागलो. त्याच वर्षी सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेचं १२८ पोर्टांचं पहिलं ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज आमच्याच जिल्ह्यात, कित्तूरला, सुरू झालं. खेड्यातल्या धुळीत आणि उकाड्यात एसीशिवाय चालावं अशी त्याची बांधणी होती. त्यानंतर खांब चढण्यात, जॉइंट मारण्यात आणि ड्रॉप वायरी ओढण्यात जन्म गेला. ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्तीत देशभरातले ७८ हजारांवर लोक एका दिवशी घरी गेले, त्यात मीही. तोवर प्रत्येक तक्रारीला माझं उत्तर ठरलेलं असायचं. रोझेटपर्यंत, म्हणजे भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीपर्यंत, खात्याचं, रोझेटच्या पुढची वायर आणि फोन घरमालकाचा. सीमाभागात हयात गेलेल्या माणसाला रेघेच्या अलीकडचं-पलीकडचं नवं नाही, पण ही रेघ आमच्याच माडीवरच्या कपाटावर येऊन थांबेल असं वाटलं नव्हतं.

आमची वाडी जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. फायबर रस्त्यापर्यंत आलंय, आत यायला मधे रान आहे. जुनी तांब्याची लाइन कधीच मेली. मोबाइलला माडीच्या खिडकीत एक दांडी मिळते, तीही वारा असेल तशी. मुलगा बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत जातो, सून पुण्याच्या एका कंपनीचं हिशेबाचं काम लॅपटॉपवर करते. चार माणसं एका घरात राहायची तर नेट पाहिजे, म्हणून फेब्रुवारीत उपग्रहाचं कनेक्शन घेतलं.

गल्लीत ज्यानं त्यानं विचारलं, "स्टारलिंक काय?" नव्हे. स्टारलिंकला आपल्याकडं परवाना मिळाला तो जून २०२५ मध्ये, आम्ही डिश लावली त्यानंतर चार महिन्यांनी. त्यांचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरनं हजारोंच्या संख्येनं फिरत असतात. आमचा मोडेम बोलतो तो जीसॅट-११ शी. इस्रोचा हा ५,८५४ किलोचा धूड ५ डिसेंबर २०१८ ला फ्रेंच गयानातल्या कौरूहून एरियान-५ वरनं गेला आणि विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ७४ अंश पूर्व रेखांशाला उभा राहिला. आता बघा, बेळगाव-खानापूरचा रेखांश साडेचौऱ्याहत्तरच्या जवळ. म्हणजे उपग्रह आमच्या अगदी नाकासमोर, सरळ दक्षिणेला. होकायंत्राची सुद्धा गरज नाही, दक्षिणमुखी मारुती बसवावा तशी डिश बसली. बायको म्हणाली, "दक्षिणेला तोंड करून जेवू नये म्हणतात, आणि ही तर चोवीस तास खायलाय."

एक वाद मात्र झाला. डिशच्या समोर पाचेक मीटरवर आमचा फणस आहे. पोरगा म्हणाला, फांद्या तोडाव्या लागतील. मी वही काढली. आमच्या अक्षांशावरनं हा उपग्रह क्षितिजापासून जवळजवळ ७२ अंश वर दिसतो, म्हणजे माथ्यापासून अठराच अंश खाली. त्या कोनात पाच मीटरवरचं झाड आडवं यायला डिशपेक्षा पंधरा मीटर उंच हवं. आमचा फणस तेवढा नाही. पोराचा घोटाळा कुठं होता, तर ही डिश ऑफसेट असते. तिची ताटली दिसते तितकी खाली बघत नाही, कारण फीड, म्हणजे लहरी पकडणारा तुकडा, मधोमध नसून खालच्या कडेला असतो. डोळ्यांनी अंदाज केला की माणूस वीस-बावीस अंशांनी चुकतो. फणस वाचला. मे महिन्यात त्याचेच गरे खाताना बायकोनं दोनदा आठवण काढली.

तर आता म्होरचं.

मोडेमला वायफाय नव्हतं, मागं एकच लॅन पोर्ट, म्हणजे यंत्र वायरनं जोडायचं भोक. कंपनीचा राऊटर वेगळा मिळत होता, पण मी म्हटलं, माझ्याकडं आहे की. जुन्या ब्रॉडबँडचा राऊटर कपाटात फडक्यात बांधून ठेवलेला होता. काढला, पुसला, मागं बघितलं तर तिथं टेलिफोनच्या लाइनचं बारकं भोक, आणि शेजारी चार लॅन पोर्ट. मोडेमची वायर त्या भोकात बसणार नव्हती. नव्या राऊटरना वॅन म्हणून वेगळ्या रंगाचा पोर्ट असतो, बाहेरचं नेट तिथनं आत येतं. याला तो नव्हताच. मी सरळ एका लॅन पोर्टात खुपसली.

टीव्ही चालू झाला. माझा मोबाइल चालू झाला. सुनेचा लॅपटॉप म्हणाला, जोडलेला आहे, इंटरनेट नाही. बंद करून चालू केला तर लॅपटॉप चालला आणि टीव्ही मेला. बायकोनं निष्कर्ष काढला की एका वेळी दोनच चालतात, जास्तीचे पैसे भरावे लागत असतील.

सुनेच्या लॅपटॉपवर आयपी पत्ता बघितला तेव्हा उलगडलं. चालत होती ती यंत्रं १९२.१६८.० नं सुरू होणाऱ्या पत्त्यावर, न चालणारी १९२.१६८.१ वर. घरात पत्ते वाटायचं काम डीएचसीपी नावाची सोय करते. मोडेमही वाटत होता आणि माझा राऊटरही. एका गावात दोन तलाठी, एक सातबारा देतोय, दुसरा आरटीसी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा. ज्याच्या हातात मोडेमचा उतारा पडला त्याला वाट सापडली. ज्याला राऊटरचा मिळाला तो राऊटरकडंच बाहेरचा रस्ता विचारत बसला, आणि राऊटरचा रस्ता म्हणजे ती मेलेली टेलिफोन लाइन. आमच्या भागातल्या माणसाला हे समजवायला फार वेळ लागत नाही.

उपाय सोपा. राऊटर मोडेमपासून सोडवला, एकटा लॅपटॉपला जोडला, त्याच्या पानावर जाऊन डीएचसीपी बंद केलं आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.०.२ केला, मोडेमच्याच गल्लीत बसेल असा. मग परत लॅन पोर्टात वायर. आता तो नुसता वायफायचा खांब. पत्ते देणार एकटा मोडेम.

दोन दिवस बरे गेले. मग दोन अडचणी लक्षात आल्या. पहिली भिंतींची. घर जांभ्याचं, भिंती दोन फुटी, माडीवरचं वायफाय खाली सोप्यात येईपर्यंत दमून जातं. दुसरी कोट्याची. आमच्या योजनेत महिन्याला ठरावीक डेटा, तो संपला की वेग गोगलगाईचा. पहिल्याच महिन्यात अकराव्या दिवशी संपला. कोण पितंय हे ना मोडेमच्या पानावर कळे ना या जुन्या राऊटरच्या.

बेळगावला गेलो, खडेबाजारात फिरून वॅन पोर्ट असलेला, प्रत्येक यंत्राचा हिशेब ठेवणारा एक साधा राऊटर घेतला. येताना कुंदा घेतला, म्हणजे राऊटरची किंमत कोणी विचारत नाही.

नवा राऊटर माडीवर मोडेमशेजारी ठेवला, मोडेमची वायर वॅन पोर्टात घातली. हिरवा दिवा लागला. नेट नाही. राऊटरचं पान उघडावं म्हणून १९२.१६८.०.१ टाकलं तर मोडेमचं पान उघडलं. परत टाकलं, राऊटरचं. वीसेक मिनिटं मी असा भुताटकीत होतो. दोघांचाही जन्मपत्ता एकच, १९२.१६८.०.१. राऊटरच्या बाहेरच्या अंगाला जी गल्ली तीच आतल्या अंगाला, मग त्यानं पाकीट बाहेर टाकायचं की आत, हे ठरवायचं कसं? काही राऊटर हा तंटा आपोआप ओळखून स्वतःचा पत्ता बदलतात. माझ्यानं ओळखलं नाही. मोडेमची वायर काढून राऊटरचा आतला पत्ता १९२.१६८.५०.१ केला आणि सगळं रीस्टार्ट केलं. लागलीच चाललं. कोणाला नवा राऊटर जोडायचा असेल तर माझं सांगणं एकच, आधी दोघांचे पत्ते कागदावर लिहा, वायर मग लावा.

कॅनडात पुतण्या आहे, त्याच्याकडं स्टारलिंक. मी हे कौतुकानं त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, हे डबल नॅट झालं. बायपास मोड चालू करा." त्यांच्या ॲपमध्ये ती सोय असते. बायपास केला की कंपनीचा राऊटर बाजूला होतो आणि नेट सरळ आपल्या राऊटरच्या वॅनला येतं. मात्र नंतर मागं फिरायचं तर फॅक्टरी रीसेट करावा लागतो. त्याच्या जुन्या संचाला आपली वायर लावायला वेगळा इथरनेट ॲडॅप्टर विकत घ्यावा लागला होता, नव्या संचाला पोर्ट मागंच असतात. आमच्या मोडेमच्या पानावर मी बायपास शोध शोध शोधला. नाही. कंपनीला फोन केला, पलीकडच्या बाईंनी मोडेम बंद करून चालू करायला सांगितलं.

नॅट म्हणजे घरातली सगळी यंत्रं बाहेर एकाच पत्त्यानं दाखवणं. डबल नॅट म्हणजे काय हे मला माझ्या धंद्याच्या भाषेत कळलं. कारखान्यात ईपीएबीएक्स असतो. एक्स्टेन्शनवरनं शून्य फिरवून बाहेर फोन लावता येतो, पण बाहेरच्याला थेट तुमच्या टेबलावरची घंटी वाजवता येत नाही, मधे ऑपरेटर. आमच्याकडं एका ऑपरेटरच्या मागं दुसरा ऑपरेटर, मोडेम आणि राऊटर, एवढंच. आणि मोडेमच्या बाहेरच्या अंगाला बघितलं तर तिथंही १००.६४ नं सुरू होणारा पत्ता. हा पट्टा सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी राखीव आहे, म्हणजे कंपनीच्या दारात तिसरा ऑपरेटर बसलाय. पुतण्याच्या स्टारलिंकलाही तोच पट्टा मिळतो, बायपास करूनही. तर मग आमच्या बायपासनं असं काय मोठं साधणार होतं? घरातनं बाहेर जाणारी कामं, म्हणजे बँक, व्हिडिओ कॉल, टीव्ही, सगळं बिनबोभाट चालतं. बाहेरनं घरातल्या यंत्राला थेट हाक मारायची असेल त्यालाच अडचण, आणि ती मला नव्हती. मी तो नाद सोडला.

आता खालच्या सोप्याचं. जुना राऊटर खाली सोप्यात लावायचा, माडीवरच्या नव्या राऊटरच्या लॅन पोर्टातनं चाळीस फूट वायर खाली ओढायची. जुन्याचा पत्ता नव्या गल्लीप्रमाणं १९२.१६८.५०.२ केला, डीएचसीपी बंद होतंच, दोन्हीकडं वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला म्हणजे खाली-वर जाताना मोबाइल आपला आपण बदलतो. वायर ओढणं म्हणजे माझ्या हातचा मळ. तुळईच्या कडेनं, क्लिप मारत, कुठं लोंबू न देता. मुलगा म्हणाला, तयार वायर मिळते, आणतो. मी म्हटलं, चौतीस वर्षं जॉइंट मारलेत, आठ वायरी मला जड नाहीत. क्रिम्पिंगचं पक्कड आणि आरजे-४५ ची पाकीटभर टोकं मी आणलीच होती.

टेस्टर लावला. एक ते आठ, सगळे दिवे ओळीनं लागले. जुन्या राऊटरवरही दिवा लागला. सोप्यात बसून पेपर उघडला, अर्धं पान आलं आणि अडकलं. व्हिडिओ कॉलमध्ये सुनेचा आवाज फुटायला लागला. स्पीड टेस्ट कधी दोन, कधी अर्धा, कधी पूर्णच होत नाही.

मी तीन दिवस आकाशाला दोष दिला. डिशचे नट तपासले, डिशपासून मोडेमपर्यंतच्या कोॲक्स वायरीचं टोक परत आवळलं, मोडेमच्या पानावरचा सिग्नलचा आकडा तासातासानं वहीत लिहिला. आकडा ढिम्म हलत नव्हता. कंपनीत तक्रार टाकली. त्यांनी पलीकडनं मोडेम तपासला, म्हणाले, आमच्याकडं सगळं ओके आहे, पुढचं तुमचं. या वेळी हसू आलं नाही.

चौथ्या दिवशी सून म्हणाली, "मामा, वर माडीवर वायर लावून बसले की नीट चालतंय. खाली आले की बिघडतंय. मग आभाळाचा काय संबंध?"

बरोबर होतं. खात्यात फॉल्ट शोधताना आम्ही पहिलं काम काय करायचो, तर लाइन मधे तोडून दोन्हीकडं बघायचो. तेच विसरलो होतो. सोप्यात लॅपटॉप वायरनं जोडला आणि उपग्रह सोडून नुसत्या माडीवरच्या राऊटरला पिंग लावला, म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघितलं. चाळीस फुटांवरचा राऊटर, उत्तर एका मिलिसेकंदात यायला हवं. शंभर पिंग मारले, सतरा हरवले. तीच परीक्षा माडीवर छोट्या वायरनं केली, एकही हरवला नाही. फॉल्ट आकाशात नव्हता, तुळईच्या कडेला क्लिप मारलेल्या माझ्या सुबक वायरीत होता. पण टेस्टरचे आठही दिवे लागतात, मग चूक कुठं?

टोकाचा फोटो काढून पुतण्याला पाठवला. तिकडं पहाट असेल, तरी उत्तर आलं. "काका, हिरवा फोडायचा असतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. टेलिफोनच्या केबलमध्ये जोड्यांचा क्रम आमच्या रक्तात आहे, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, स्लेट, आणि प्रत्येक जोडीचा जोडीदार शेजारी. मी टोकात तसंच बसवलं. निळ्याची जोडी एक-दोनला, नारिंगीची तीन-चारला, हिरव्याची पाच-सहाला, तपकिरीची सात-आठला. दोन्ही टोकांना सारखंच, म्हणून टेस्टर खूश. पण इथरनेटमध्ये, म्हणजे नेटच्या या वायरीत, एक-दोन ही एक जोडी आणि तीन-सहा ही दुसरी. माझ्या वायरीत तीन नंबर नारिंगीच्या पिळातला आणि सहा नंबर हिरव्याच्या पिळातला. पीळ कशासाठी असतो? जाणाऱ्या आणि येणाऱ्या तारेवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडावा आणि तो आपोआप कटावा म्हणून. जोडी फोडून दोन वेगळ्या पिळांत घातली की गोंगाट कटत नाही, उलट एकाचं बोलणं दुसऱ्यात उतरतं. आम्ही त्याला क्रॉसटॉक म्हणायचो. हॅलो केल्यावर तिसऱ्याचंच बोलणं ऐकू यायचं ते हेच. नुसती तार जुळली का एवढंच सांगणाऱ्या टेस्टरला पिळाचं काही कळत नाही. आणि हे सगळं मला माहीत होतं! खात्यातल्या नव्या पोरांना स्प्लिट पेअरचा फॉल्ट मीच शिकवलेला होता.

दोन्ही टोकं कापली आणि टी-५६८-बी या इथरनेटच्या ठरलेल्या क्रमाप्रमाणं लावली. नारिंगीपांढरा, नारिंगी, हिरवापांढरा, निळा, निळापांढरा, हिरवा, तपकिरीपांढरा, तपकिरी. हिरव्याची जोडी तीन आणि सहाला, तिच्या पोटात निळी. पीळ टोकापर्यंत जितका राखता येईल तितका राखला. पिंग लावला, शंभरात शंभर. मुलाला मी एवढंच सांगितलं की टोक सैल होतं. सुनेला खरं माहीत आहे, ती बोलली नाही.

यानंतरची पहिली गोष्ट म्हणजे कोटा कोण पितंय ते दिसलं. नव्या राऊटरच्या यादीत पहिला नंबर मुलाच्या मोबाइलचा, फौंड्रीत दिवसभर काढलेल्या कास्टिंगच्या फोटोंचा बॅकअप तो रात्री घरी येऊन आकाशात चढवत होता. दुसरा नंबर सुनेच्या लॅपटॉपच्या अपडेटचा. टीव्ही, ज्याला आम्ही सगळे बोल लावत होतो, तो तिसरा. आता फोटो बेळगावातच चढतात, लॅपटॉप महिन्यातनं एकदा मुलाबरोबर बेळगावला जाऊन अपडेट होऊन येतो. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय नाव आहे, त्याला वेगाची वेसण घातलीय. फक्त मोडेमवर भागवलं असतं तर यातलं काहीच जमलं नसतं.

सुनेच्या कामाचा प्रश्न मात्र राऊटरनं सुटला नाही. कंपनीचा व्हीपीएन (कंपनीच्या संगणकापर्यंतची बंदिस्त वाट) लावला की सगळं रांगायला लागायचं, बाकी नेट ठीक. कारण असं. उपग्रहापर्यंत वर, तिथनं खाली, उत्तर परत वर, परत खाली, प्रकाशाच्या वेगानं जाऊनही जवळजवळ अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात जातो, आमचा पिंग ६०० मिलिसेकंदांच्या वर असतो. डेटा पाठवणारं यंत्र मधे मधे पोचपावतीसाठी थांबतं, आणि दर पावतीला अर्धा सेकंद मोजायचा म्हणजे झालंच. म्हणून मोडेम एक युक्ती करतो. पलीकडची वाट न बघता इथंच आपल्या सहीनं पोचपावती देऊन टाकतो, म्हणजे पाठवणारा थांबत नाही. व्हीपीएन म्हणजे लाखेनं सील केलेला टपालाचा थैला. आत काय आहे हे मोडेमला दिसत नाही, मग पावत्या कशाच्या देणार? सुनेनं कंपनीच्या आयटी विभागाशी बोलून फक्त हिशेबाची प्रणाली व्हीपीएनमधनं आणि बाकी सगळं बाहेरनं, अशी सोय करून घेतली. एवढ्यानं काम होतं. कॉलवर अर्ध्या सेकंदाचा उशीर राहतोच. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, मग "तुम्ही बोला", "नाही, तुम्ही बोला". जुन्या ट्रंक कॉलची आठवण येते.

सगळं जमलं म्हणून टेकलो तर मार्चच्या मध्यात रोज दुपारी पावणेएकच्या सुमाराला पाच-सात मिनिटं नेट जायला लागलं. तीन दिवस ओळीनं, जवळपास त्याच वेळी. मी आधी परत वायरीकडंच बघितलं, पोळलेला माणूस ताकही फुंकतो. मग डिशजवळ उभा राहिलो आणि वर बघायला गेलो तर डोळे दिपले. विषुवदिनाच्या आगेमागे काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो. सूर्य रेडिओतही आग ओकतच असतो, त्या गदारोळात उपग्रहाचा बारीक आवाज बुडतो. वर्षातनं दोनदा, मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरच्या शेवटाला, काही मिनिटं. यावर माणसाचा इलाज नाही. सून त्या वेळात जेवून घेते.

वीज ही आणखी एक. वळवाच्या आधी मी कोॲक्स घरात शिरते तिथं अर्थिंगचा ब्लॉक बसवला आणि परसात मीठ-कोळसा घालून खड्डा केला. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक लाइनला जीडी ट्यूब असायची, वीज पडली की ती मरायची आणि कार्ड वाचायचं. घरात तसं कोणी मरायला तयार नसतं. गडगडायला लागलं की अजूनही मी दोन्ही वायरी उपटून ठेवतो. मुलगा हसतो. हसू दे.

आणि जूनपासून पाऊस. आमच्याकडचा पाऊस म्हणजे काय हे जांबोटी-कणकुंबीच्या माणसाला सांगायला नको. आमच्या डिशची लहर कू बँडची, १२-१४ गिगाहर्ट्झची, मोठ्या थेंबांत ती जिरते. मोडेम आधी वेग उतरवून तग धरतो, ढग फारच काळा आला की सोडतो. वहीतल्या नोंदींवरनं दिसतं, की दिवसभराच्या रिपरिपीत नेट जात नाही, चोर्ल्याच्या बाजूनं एकदम कोसळतो तेव्हाच जातं, आणि सर ओसरली की दहा-पंधरा मिनिटांत आपलं आपण येतं. त्या वेळेसाठी सुनेचा जुना मोबाइल माडीच्या खिडकीत, एका दांडीच्या आशेवर, हॉटस्पॉट लावून ठेवलेला असतो.

गोठ्यात कॅमेरा लावायचं बायकोनं कधीचं काढलंय, म्हैस विणार आहे. सोप्यातनं गोठ्यापर्यंत साठ फूट. वायर आणून गुंडाळून ठेवलीय, दोन्ही टोकं मारून, पिंग बघूनच. पण कौलं शेवाळलीत, या पावसात वर चढायचं नाही अशी तंबी आहे. गणपती झाले की बघू.